परत आलेल्यांचा मान

सातारा जिल्ह्यात सैनिक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द उगाच लागलेला नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, आणि आजही तेथे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो असे अभिमानाने सांगितले जाते. सांगलीकडेही निराळे चित्र नाही. गावात शिरताना हुतात्म्याच्या नावाची कमान लागते, शाळेच्या पटांगणात स्तंभ असतो, आणि 26 जानेवारीला त्या स्तंभाला हार घातल्याशिवाय झेंडावंदन पुरे होत नाही. हे योग्यच आहे. जे गेले त्यांचा मान राखलाच पाहिजे.

पण एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. जो सैनिक रणांगणावर पडला नाही आणि विजयाच्या मिरवणुकीतही नव्हता, जो शत्रूच्या हाती सापडला, वर्षभर तुरुंगात राहिला आणि मग घरी परत आला, त्याच्यासाठी आपल्या मनात जागा कोणती? त्याची कमान नाही, स्तंभ नाही. त्याच्यासाठी आपल्या भाषेत एखादा आदराचा शब्दसुद्धा नाही. 'हुतात्मा' आहे, 'वीर' आहे. परत आलेल्या कैद्याला आपण नुसते 'कैदी' म्हणतो, आणि तो शब्द आपण चोरालाही लावतो.

हा प्रश्न पुन्हा वर आला तो ऑगस्ट 2025 मध्ये. कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांच्या निधनाची बातमी वाचली. 10 ऑगस्ट रोजी पुण्याजवळ ते वारले. वर्गात विचारले, तर त्यांचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. बातमी वाचण्यापूर्वी मलाही नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. म्हणून आधी त्यांची हकिकत थोडक्यात सांगते.

परुळकर 1963 मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झाले आणि लढाऊ विमानाचे वैमानिक बनले. 1965 च्या युद्धात त्यांच्या विमानावर खालून गोळीबार झाला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. तुकडीच्या प्रमुखाने विमान सोडून उडी मारण्याचा सल्ला दिला होता. परंतु त्यांनी जखमी खांद्यानिशी ते मोडके विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. पुढे 1971 चे युद्ध आले. तेव्हा ते फ्लाइट लेफ्टनंट होते आणि सुखोई-7 हे विमान चालवीत होते. 10 डिसेंबर रोजी पाकिस्तानातील झफरवालच्या परिसरात त्यांचे विमान पडले. ते हवाई छत्रीने खाली उतरले आणि पकडले गेले.

आपल्याकडच्या हिशेबाने गोष्ट येथे संपायला हवी. पकडला गेला, संपले. वास्तविक त्यांची खरी गोष्ट येथून सुरू होते. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा वैमानिक कैदेत होते. युद्ध 16-17 डिसेंबरला थांबले, पण कैद्यांची सुटका काही होईना. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे नव्वद हजारांहून अधिक लोक होते आणि दोन्ही सरकारांची बोलणी लांबत चालली होती. परुळकरांनी ठरवले की वाट बघायची नाही. एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन सहकारी त्यांच्याबरोबर निघायला तयार झाले.

तयारीला कित्येक आठवडे गेले. पाच नंबरच्या खोलीच्या भिंतीचा गिलावा रात्री थोडाथोडा खरवडायचा, विटा सैल करायच्या आणि दिवसा पहारेकऱ्याला काही दिसणार नाही अशी व्यवस्था करायची. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार केले. जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांना जो थोडा पगार मिळे तो साठवला. शाळेच्या जुन्या नकाशावरून वाट आखली. पूर्वेकडे भारताची सरहद्द जवळ होती, पण तिथे सैन्य उभे. म्हणून उलट्या दिशेने, पेशावर आणि खैबर खिंडीतून अफगाणिस्तानात जायचे ठरले. 12 ऑगस्ट 1972 च्या मध्यरात्रीनंतर, वादळी हवेत, तिघे भिंतीतून बाहेर पडले आणि बसने पेशावरला पोचले. तिथून जमरूद, आणि जमरूदहून लंडी कोतल. अफगाण सरहद्द तेथून अवघी चार-पाच मैल होती.

आणि घात केला तो त्या नकाशाने. नकाशात पुढचे स्टेशन लंडी खाना असे दाखवले होते. तिघांनी लंडी खान्याला कसे जायचे याची चौकशी केली. पण तेथे जाणारी रेल्वे 1932 मध्येच बंद पडली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनची चौकशी करणारे हे परके कोण, असा संशय लोकांना आला. त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात पळून जात असत. हे तिघेही त्यांपैकीच असावेत, असे वाटून त्यांना धरले. प्रसंग जिवावरचा होता. तेव्हा परुळकरांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे लोक आहोत अशी बतावणी केली आणि हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना फोन लावून द्या म्हणून हट्ट धरला. हे एडीसी म्हणजे उस्मान हमीद. पूर्वी तेच रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागले होते. काय घडले असेल ते त्यांनी फोनवर ओळखले आणि या तिघांना इजा होऊ न देता ताब्यात ठेवा असे सांगितले. शत्रूच्या एका अधिकाऱ्याने तीन भारतीय वैमानिकांचे प्राण राखले. हेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

तिघे पुन्हा कैदेत गेले, त्यांना पुढे लायलपूरच्या तुरुंगात ठेवले, आणि 1 डिसेंबर 1972 रोजी सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा सरहद्दीवरून मायदेशी आले त्यांत तेही होते. या धाडसाबद्दल परुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. म्हणजे सरकारने दखल घेतली. पण या पलायनावर सविस्तर पुस्तक निघाले ते 2013 मध्ये, इंग्रजीत, आणि तेही फेथ जॉन्स्टन या कॅनेडियन लेखिकेचे. आपल्या मराठी माणसाची गोष्ट सांगायला कॅनडाची बाई यावी लागली याची मला थोडी लाज वाटली.

येथे दुसऱ्या एका वैमानिकाची आठवण होते. अमेरिकेचा चक येगर हा वेस्ट व्हर्जिनियातील एका खेड्यात जन्मलेला गरीब घरचा मुलगा. कॉलेजचे तोंड न पाहिलेला हा तरुण 1941 मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, विमाने दुरुस्त करू लागला आणि युद्धाच्या गरजेमुळे वैमानिक झाला. 5 मार्च 1944 रोजी फ्रान्सवर त्याचे विमान पाडले गेले. जर्मनांच्या हाती न लागता, फ्रेंच भूमिगतांच्या मदतीने, डोंगर ओलांडून तो स्पेनला पोचला आणि तेथून इंग्लंडला परतला. अशा वैमानिकाला पुन्हा त्या आघाडीवर पाठवायचे नाही असा नियम होता. कारण तो पुन्हा पकडला गेला तर भूमिगतांची नावे बाहेर पडतील. येगर थेट सरसेनापती आयसेनहॉवर यांच्यापर्यंत गेला आणि परवानगी मिळवून पुन्हा लढला. 14 ऑक्टोबर 1947 रोजी ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान नेणारा पहिला वैमानिक तोच. योगायोग असा की 1971 च्या युद्धाच्या वेळी हा येगर अमेरिकेचा लष्करी सल्लागार म्हणून पाकिस्तानातच होता, आणि रावळपिंडीजवळच्या चकलाला तळावर उभे असलेले त्याचे छोटे विमान भारतीय विमानांच्या हल्ल्यात नष्ट झाले. तो 2020 मध्ये वारला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्याचे विमान पडले होते, तो लपतछपत पळून आला होता, याचा कमीपणा त्याच्या देशात कुणाला वाटला नाही. उलट ती त्याच्या पराक्रमाचीच एक पायरी मानली गेली.

कोणी म्हणेल, त्यांचे संस्कार निराळे, आपले निराळे. आपल्याकडे रणात देह ठेवणे हेच भूषण. हे मला पटत नाही. मराठी इतिहासातील सर्वांत अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट कोणती? 1666 मध्ये शिवाजी महाराज आग्र्याच्या नजरकैदेतून निसटले ती. तेथेच लढून मरावे असे त्यांना वाटले नाही. जिवंत परत जाणे हेच त्या वेळी मोठे काम होते. आणि इतके मागे कशाला जायचे? आपल्या सांगलीचेच घ्या. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, किल्ल्याच्या तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना हौतात्म्य आले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. म्हणजे ते पलायनही, नुसता हिशेब मांडला तर, फसलेच! पण सांगलीतील कुठला माणूस त्याला फसलेले म्हणतो? दादांच्या खांद्यावरची गोळी आणि परुळकरांच्या खांद्यावरची गोळी यांत मला तरी फरक दिसत नाही. सांगलीच्या तटाचा ज्याला अभिमान आहे, त्याला रावळपिंडीच्या भिंतीचा अभिमान वाटायला हरकत कसली?

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

आमचे गाव खटाव तालुक्यातले. गावात एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना पायदळात जवान होते. 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर त्यांच्या मांडीला गोळी लागली, रात्रभर ते बांधाच्या आड पडून होते आणि सकाळी शत्रूच्या हाती लागले. इकडे घरी 'बेपत्ता' अशी तार आली. बेपत्ता म्हणजे काय ते गावाने आपल्यापुरते ठरवून टाकले. बायका आजीला कुंकू पुसायला सांगू लागल्या. आजींनी ऐकले नाही. त्या मला म्हणाल्या होत्या, "तारंत मेला म्हनून लिवलंय का? न्हाई ना? मग मी का पुसू?" चार महिन्यांनी रेड क्रॉसमार्फत नानांचे कार्ड आले आणि आजींचे कुंकू खरे ठरले.

नाना 1972 च्या डिसेंबरात परत आले. पहिले आठ दिवस कौतुक झाले. मग कुणीतरी थट्टेने त्यांना 'पाकिस्तानचा पाव्हणा' म्हटले, आणि ते नाव चिकटले ते कायमचे. वर्षभर फुकट भाकरी खाऊन आला, हात वर केले म्हणून वाचला, असे बोलणे पारावर चाले. मी लहानपणी त्याच नावाने त्यांना हाक मारलेली आहे. कुणालाच त्यात काही वावगे वाटत नसे. झेंडावंदनाला माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवत. नाना मागे शाळेच्या भिंतीला टेकून उभे राहत. त्यांना मुद्दाम कुणी अडवले नव्हते. पण पुढे या असेही कुणी म्हटले नव्हते.

2019 च्या फेब्रुवारीत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले आणि 1 मार्चला वाघ्यावरून परत आले, तेव्हा मी सातवीत होते. गावात फटाके वाजले, पेढे वाटले. पोरांनी त्यांच्यासारख्या मिशा काढून फोटो घेतले. कुणीतरी पारावर बसलेल्या नानांच्या हातावरही पेढा ठेवला. नाना पेढ्याकडे बघत म्हणाले, "तीन दिसांत आला पोरगा. बरं झालं." एवढेच. पेढा त्यांनी खिशात ठेवला आणि घरी जाऊन आजींना दिला. ज्या गोष्टीसाठी गावाने एका परक्या वैमानिकाचे फटाके वाजवले, तीच गोष्ट सोसून आलेला माणूस समोर बसला होता आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

कॉलेजला आल्यावर एकदा सुट्टीत मी नानांकडे जाऊन बसले आणि विचारले, "नाना, तिथं काय काय झालं ते सांगा ना." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पन्नास वर्सांत इचारणारी तू पयलीच, पोरी." त्या दिवशी त्यांनी थोडे सांगितले. थंडीचे सांगितले, एका पांघरुणात दोघे झोपत त्याचे सांगितले, गावाकडच्या कार्डाची वाट कशी बघत ते सांगितले. बाकीचे पुढच्या सुट्टीत सांगतो म्हणाले. 2024 च्या पावसाळ्यात ते गेले. पुढची सुट्टी आली तेव्हा घरात फक्त आजी होत्या.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल. कैद झालेल्यांचा असा गौरव केला तर लढायचे कुणी? मला वाटते हा आक्षेप घेणाऱ्याने लढाऊ विमानातील वैमानिकाची खुर्ची आठवावी. विमान वाचत नसेल तर वैमानिकाला खुर्चीसह बाहेर फेकणारी यंत्रणा त्यात मुद्दाम बसवलेली असते. ती सरकारने बसवलेली आहे. विमान गेले तरी चालेल, माणूस परत आला पाहिजे, हे हवाई दलाचेच मत त्या खुर्चीत आहे. छत्री वाऱ्याने कुठे जाईल ते वैमानिकाच्या हाती नसते, तशीच गोळी कुठे लागेल ते नानांच्या हाती नव्हते. 1949 च्या जिनिव्हा कराराने तर याहून पुढे जाऊन सांगितले आहे की युद्धकैद्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला तर तो गुन्हा नव्हे. त्याला फक्त शिस्तभंगाची मर्यादित शिक्षा करता येते. आणि जो आपल्या सैन्यापर्यंत पोचला, त्याला त्या पलायनाबद्दल पुढे कधीही शिक्षा करता येत नाही. ज्या गोष्टीला शत्रूंनी एकत्र बसून केलेल्या करारात कमीपणा मानलेला नाही, ती गोष्ट आपल्या पारावर कमीपणाची का व्हावी?

शिवाय जे परत आले त्यांचे ऐकले नाही तर जे परत आले नाहीत त्यांचेही काही कळणार नाही. 1971 च्या युद्धातील बेपत्ता 54 भारतीय सैनिक व अधिकारी पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असे त्यांच्या घरच्यांना वाटत राहिले. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे मराठी नावही आहे. 5 डिसेंबर 1971 पासून ते बेपत्ता आहेत. नातेवाईक 1983 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले, पण हाती काही लागले नाही, आणि असे कैदी आपल्याकडे नाहीत असेच पाकिस्तान सांगत आले. त्या 54 घरांना परत आलेला माणूस म्हणजे काय असतो ते विचारा. आपण ज्याला 'पाव्हणा' म्हणून हसलो, तसा एक पाव्हणा आपल्या दारात यावा म्हणून ती माणसे अर्धे शतक वाट बघत राहिली.

मी काही मोठे मागत नाही. स्मारके बांधा, अनुदान द्या, असे म्हणत नाही. आपल्या कॉलेजात येणारी निम्मी मुले फौजेची परंपरा असलेल्या गावांतून येतात. प्रत्येकाने सुट्टीत गावी गेल्यावर एवढेच पाहावे की आपल्या गावात असा कुणी परत आलेला माणूस आहे का. असला तर त्याच्याजवळ बसावे, तो सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे. आपल्या सर-मॅडमनी त्या वह्या एकत्र केल्या तर या वार्षिकांकाची पुढची काही वर्षे साहित्याची वाण पडणार नाही. आणि 1 डिसेंबरला, ज्या दिवशी ते सहाशेजण वाघा ओलांडून आले त्या दिवशी, अशा एकाला कॉलेजात बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवावे. पण हे लवकर केले पाहिजे. 1971 साली जे विशी-पंचविशीत होते ते आज पंच्याहत्तरीच्या पलीकडे आहेत.

नानांच्या घरी गेले तेव्हा आजींनी मला रेड क्रॉसचे ते कार्ड दाखवले. घडीवर फाटत आले आहे. त्यावर नानांच्या हातच्या दोनच ओळी आहेत: मी खुशाल आहे, काळजी करू नये. मी आजींच्या परवानगीने त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. माझ्या वहीचे पहिले पान तेवढे भरले आहे. पुढची पाने कोरी आहेत, कारण मी एक सुट्टी उशिरा गेले. तुम्ही जाऊ नका.